काळविटाचा माजकाळ आणि अभ्यासकाची बैठक

वन्य प्राण्याच्या शोधात निघालेल्या माणसाने चालत राहावे की एका जागी बसून राहावे, आणि बसावयाचे तर नेमके कोठे, हा प्रश्न मूळचा शिकाऱ्याचा. तथापि क्षेत्रकार्य करणाऱ्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यासही तो टाळता येत नाही. शिकाऱ्याची जागा चुकली तर त्याचा एक दिवस वाया जातो. अभ्यासकाची जागा चुकली तर त्याचा निष्कर्ष चुकतो, आणि चुकला आहे हे त्यास पुष्कळदा कळतही नाही. जालना जिल्ह्याच्या माळरानांवर व शेतांत वावरणारा काळवीट या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. त्याच्या माजाच्या काळात निरीक्षणाची बैठक कशी निवडावी आणि त्या निवडीचा निरीक्षणाच्या सत्यतेशी काय संबंध आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. व्यवहारात आपण काळविटास हरीण म्हणतो, आणि त्यात काही बिघडत नाही. परंतु शास्त्रीय वर्गीकरणात तो सारंगकुळातील, म्हणजे चितळ-सांबरांपेक्षा गाय-शेळीच्या अधिक जवळचा. चितळाची शिंगे भरीव असतात व ती गळून पुन्हा येतात. काळविटाची शिंगे पोकळ, पिळदार असून ती जन्मभर राहतात, आणि सामान्यतः ती नरालाच असतात. हा भेद केवळ पाठ्यपुस्तकी नाही. नर माजावर आला आहे की नाही, हे खऱ्या हरणांत शिंगांच्या अवस्थेवरून पुष्कळसे ताडता येते. काळविटाच्या बाबतीत ती खूण उपलब्ध नाही. तेथे रंगाचा काळेपणा, चाल आणि मुख्य म्हणजे जमीन यांकडे पाहावे लागते.

जागा निवडण्याच्या कलेचा आज सर्वांत बारकाईने विचार करणारा वर्ग म्हणजे उत्तर अमेरिकेतील धनुर्धारी शिकारी. तेथे ‘पांढऱ्या शेपटीच्या’ हरणाची धनुष्यबाणाने शिकार कायद्याच्या मर्यादेत चालते. बाणाचा परिणामकारक पल्ला वीस-तीस मीटरांचा. त्यामुळे बंदुकवाल्यास परवडणारी ढिलाई धनुर्धाऱ्यास परवडत नाही. प्राणी अगदी जवळून जाईल अशाच झाडावर त्यास मचाण बांधावे लागते. उत्तरेकडील प्रदेशांत या हरणाचा माज नोव्हेंबरच्या मध्यास शिगेला पोचतो. त्या दिवसांत नर एरवीची सावधगिरी सोडून माद्यांच्या शोधात दूरवर भटकतो. मादीचा ऋतुकाल सुमारे एक दिवसाचा असतो, आणि त्या अवधीत नर तिला चिकटून राहतो. म्हणून जाणता शिकारी नराच्या मागे लागत नाही. माद्या कोठे विसावतात, कोठे चरतात आणि या दोहोंमधली वाट कोठे अरुंद होते, हे तो शोधतो व त्या चिंचोळ्या वाटेवर वाऱ्याच्या खालच्या बाजूस बसतो. त्या हरणाचे नाक अतिशय तीव्र. माणसाचा वास गेला की सारा खटाटोप व्यर्थ. तेव्हा त्याच्या कलेचे सूत्र दोन शब्दांत सांगता येईल: मादीची वाट आणि वारा.

हेच सूत्र उचलून कोणी जालन्याच्या माळावर आला, तर तो दोन्ही बाबतींत फसेल.

काळविटाच्या समाजात माजावरचा प्रौढ नर भटकत नाही. तो जमीन धरून राहतो. जमिनीचा एक तुकडा तो आपला करतो, तेथे ठरावीक ठिकाणी पुनःपुन्हा लेंड्या टाकून ढीग करतो, डोळ्यांपुढील ग्रंथीचा स्राव गवताच्या काड्यांना व झुडपांच्या शेंड्यांना लावतो, आणि दुसरा प्रौढ नर आत आल्यास त्यास हुसकतो किंवा त्याच्याशी झुंजतो. माद्यांचे कळप मात्र चारा-पाण्याच्या ओढीने फिरत असतात. कळप त्याच्या जमिनीवर आला की तो मान वर करून, शिंगे पाठीवर टेकवून, शेपूट वळवून, कान मागे घेऊन ठुमकत त्यांच्यापुढे येतो व घशातून घोगरा आवाज काढतो. कळप पुढे निघाला की त्यास रोखण्याचा प्रयत्न करतो. न थांबल्यास हद्दीवर उभा राहून पाहत राहतो. जॉर्ज शाल्लर यांच्या १९६७ च्या ‘द डिअर अँड द टायगर’ या ग्रंथात आणि एम. के. रणजितसिंह यांच्या १९८९ च्या काळविटावरील स्वतंत्र ग्रंथात या वर्तनाचा विचार आला आहे. म्हणजे अमेरिकन हरणात नर चल आणि मादीची वाट स्थिर. काळविटात नर स्थिर आणि माद्या चल. साहजिकच येथे बैठक ठरवावयाची ती वाटेवरून नव्हे, जमिनीवरून.

दख्खनच्या पारध्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते, असे त्यांच्या पद्धतीवरून दिसते. माणसाळवलेल्या काळविटाच्या शिंगांना फास बांधून त्यास रानातल्या नराच्या दिशेने सोडावयाचे, रानातला नर परक्यास हुसकण्यासाठी धावून आला की शिंगे शिंगांत अडकतात आणि फास आवळतो, ही त्यांची युक्ती रसेल यांनी मध्य प्रांतांतील जातीजमातींवरील आपल्या १९१६ च्या ग्रंथात नोंदविली आहे. अबुल फझल यांच्या ‘आईन-इ-अकबरी’तही शिंगांना जाळे लावलेल्या शिकवलेल्या हरणाचे वर्णन येते. या युक्तीत पाठलाग नाही व वाटेवर दबा धरणेही नाही. नर जमीन सोडणार नाही आणि परक्यास सोसणार नाही, या दोन गोष्टींच्या ज्ञानावर ती सबंध उभी आहे. पुस्तकांत ‘क्षेत्रनिष्ठा’ हा शब्द येण्यापूर्वी कित्येक शतके तिचा व्यवहारात उपयोग होत होता. राजेरजवाड्यांचा मार्ग निराळा होता. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त चित्त्याकरवी होणाऱ्या मृगयेचे वर्णन आहे, आणि हैदराबाद संस्थानातही ती प्रथा पुढे दीर्घकाळ चालली. परंतु चित्त्याची शिकार ही धावण्याची करामत आहे. जागेच्या ज्ञानाची कसोटी लागते ती फासेपारध्याच्या पद्धतीत. ज्या जमातीस १८७१ च्या कायद्याने सुरू झालेल्या व्यवस्थेत गुन्हेगार ठरविले गेले आणि १९५२ पर्यंत तो शिक्का वागवावा लागला, तिच्या निरीक्षणशक्तीची नोंद प्राणिशास्त्राच्या इतिहासात अजून पुरेशी झालेली नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आज ही युक्ती अभ्यासकानेही वापरावयाची नाही, हे येथेच सांगून टाकणे इष्ट. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या अधिनियमातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या केवळ मारण्यापुरती नाही. पकडणे, फास लावणे, हाकणे, आमिष दाखविणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सर्व तीत येते. छायाचित्र चांगले मिळावे म्हणून कळप हाकून आणणारा हौशी मनुष्य या व्याख्येच्या किती जवळ जातो, याची त्यास बहुधा कल्पना नसते. शास्त्रीय कारणासाठी प्राणी पकडणे आवश्यक असल्यास त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. साध्या निरीक्षणास मात्र बसण्याखेरीज दुसरे साधन नको, आणि म्हणूनच बसण्याच्या जागेला एवढे महत्त्व.

आता जालना जिल्ह्याची भूमी. १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातून मुख्यतः वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरी आहे. उत्तरेस भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या रांगेची टोके येतात. मध्यातून दुधना व तिच्या उपनद्या वाहतात. बहुतेक जमीन काळी किंवा मध्यम काळी, आणि लागवडीखालची. काळविटासाठी राखलेले अभयारण्य येथे नाही. नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात, कर्जतजवळ रेहेकुरी येथे १९८० मध्ये असे अभयारण्य झाले. तेही सव्वादोन चौरस किलोमीटरांच्या आतले. जालन्याचा काळवीट गायरानात, पडीक रानात, मुरमाड माळावर आणि शेतकऱ्याच्या पिकात राहतो. त्यामुळे त्याची भूमी शेतीच्या ऋतुचक्राबरोबर वर्षातून दोनदा बदलते, आणि त्याच्या माजाचेही दोन मुख्य हंगाम आहेत: एक साधारणतः ऑगस्ट ते ऑक्टोबरचा, दुसरा फेब्रुवारी ते एप्रिलचा.

हे दोन हंगाम बैठकीच्या दृष्टीने दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्यात शिवार भरलेले असते. कापूस, तूर, सोयाबीन, मका ही पिके उभी असतात. तुरीच्या आणि मक्याच्या रानात काळवीट उभा राहिला तरी दिसत नाही, आणि त्यासही दूरचे दिसत नाही. डोळ्यांवर विसंबणारा हा प्राणी अशा जागी प्रणयप्रदर्शन करील हे संभवत नाही. तेव्हा उघड्या, आखूड गवताच्या जागा, म्हणजे गायरान, पड, तळ्याकाठची मोकळी पट्टी, यांना त्या काळात फार मोल येते. त्या थोड्या असतात आणि नर त्यांवर एकवटण्याचा संभव अधिक. ज्वारी, हरभरा व गहू निघून गेल्यावर मात्र सारे शिवार उघडे पडते. उघड्या जागेची वाण संपते; चाऱ्याची आणि पाण्याची वाण सुरू होते. मग माद्यांचे फिरणे पाण्याशी व उरल्यासुरल्या हिरव्या तुकड्यांशी बांधले जाते, आणि नराच्या जमिनीचे मोल तिच्या मोकळेपणावरून न ठरता माद्यांच्या या फेरीवरून ठरू लागते. दक्षिणेकडील अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांत जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी पोचते. उत्तरेच्या कोरडवाहू भागात ती सोय नाही. एकाच जिल्ह्यातील या दोन पट्ट्यांत उन्हाळी माजाचे चित्र सारखे असेल असे गृहीत धरू नये.

जमीन ओळखावयाची ती प्राणी पाहून नव्हे, खुणा पाहून. दुपारी, प्राणी सावलीस गेल्यावर, लांबून फेरी मारावी. विखुरलेल्या लेंड्यांना महत्त्व नाही. ती केवळ चरण्याची साक्ष. एकाच ठिकाणी जुन्या, फिकट लेंड्यांवर ताज्या, काळसर लेंड्या पडलेला पसरट ढीग दिसला, की ती मालकीची खूण समजावी. असे ढीग किती व कसे मांडलेले आहेत याचा नकाशा करावा. ढिगांच्या आसपास खुरांनी उकरलेली माती व झुंजीचे माग सापडल्यास तेथे दोन नरांच्या हद्दी मिळत असाव्यात असा तर्क करता येतो. हा नकाशा हाती आल्यावरच बैठकीचा विचार करावा. उलट क्रमाने, म्हणजे आधी नर दिसला म्हणून तेथे बसलो, असे करणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यातून उद्भवणारा दोष पुढे सांगावयाचा आहे.

प्रत्यक्ष बैठकीत पहिला विचार सूर्याचा. अमेरिकन धनुर्धाऱ्याचे सारे गणित वाऱ्यावर चालते, कारण त्याच्या प्राण्याचे नाक तीव्र. काळविटाचे सर्वांत तीव्र इंद्रिय डोळे. नाक व कान त्यामानाने गौण. म्हणून सकाळी जमिनीच्या पूर्वेस आणि संध्याकाळी पश्चिमेस बसावे: ऊन आपल्या पाठीशी, त्याच्या डोळ्यांत. पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. त्यामुळे सकाळची बैठक वाऱ्याच्या खाली पडते आणि दोन्ही हेतू साधतात. संध्याकाळी ते जमत नाही. तेव्हा वाऱ्याकडे काणाडोळा करून सूर्यच धरावा. दुसरा विचार आकाशरेषेचा. उंचवट्याच्या माथ्यावर बसलेला माणूस कितीही निश्चल असला तरी आभाळावर उमटतो. माथ्याच्या जरा खाली, पाठीमागे बांध, बाभळीचे झुडूप किंवा कडब्याची गंजी राहील असे बसावे. मचाणाचा उपयोग येथे थोडा. पिकाच्या राखणीसाठी शेतकऱ्याने उभारलेला माळा असेल तर तो उत्तम, कारण काळवीट त्यास सरावलेला असतो. परंतु अभ्यासकाने नवा माळा उभारला तर त्या सपाट रानात तोच सर्वांत ठळक वस्तू होऊन बसतो.

सरावाचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पायी, थांबत-थबकत येणाऱ्या एकट्या माणसाला भिणारा काळवीट बैलगाडीस फारसा भीत नाही, हे जुन्या शिकाऱ्यांनी वारंवार नोंदविले आहे; ते गाडीच्या आडोशानेच त्याच्या टप्प्यात जात. औतामागे चालणारा शेतकरी त्याच्या जगाचा भाग असतो. बांधावर दुर्बीण रोखून बसलेला मनुष्य नसतो. तेव्हा जेथे रोज माणूस बसतो, अशीच जागा अभ्यासकाने धरावी: विहिरीचा काठ, गोठ्याची भिंत, खळ्याची कड. पक्षिनिरीक्षक ज्यास लपण म्हणतात तसा झापांचा आडोसा करावयाचा झाल्यास तो माज सुरू होण्यापूर्वी करावा, भर माजात नव्हे. अंतर किती ठेवावे यास ठाम आकडा नाही. दोनशे-तीनशे मीटरांवरून चांगल्या दुर्बिणीने प्रणयप्रदर्शन व झुंज दोन्ही नोंदता येतात. नर मान वर करून आपल्याकडेच पाहत राहिला आणि त्याचे नित्यकर्म थांबले, तर आपण जास्त जवळ आहोत, एवढी कसोटी पुरे.

आता तो दोष. काळ्या नरास कळपाचा नायक मानण्याची समजूत आपल्याकडे दृढ आहे. चित्रांतही पुढे एक काळा नर आणि मागे बदामी माद्या असे दाखवितात. ही समजूत निरीक्षणातूनच आली आहे, परंतु एका विशिष्ट बैठकीवरून केलेल्या निरीक्षणातून. समजा, एका गायरानाच्या कडेस अभ्यासक दहा दिवस बसला. रोज तोच काळा नर, आणि त्याच्याभोवती माद्या. तो लिहील: एक नर, त्याचा एक कळप. त्याने माद्यांना ओळखले नसेल तर कालच्या माद्या निराळ्या होत्या हे त्यास कळणार नाही. आता दुसरा अभ्यासक बैठक सोडून कळपाबरोबर लांबून सरकत राहिला असे धरा. त्यास सकाळी एक काळा नर कळपात दिसेल, दुपारी दुसरा, संध्याकाळी कदाचित एकही नाही. तो लिहील: कळपाचा नायक वारंवार बदलतो. दोघेही डोळ्यांनी पाहिलेले लिहीत आहेत आणि दोघेही चुकत आहेत. एकाने जमीन धरली, दुसऱ्याने कळप धरला. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावरच नर जमिनीचा आणि कळप कोणाचाच नाही, हे उमगते. म्हणून माजकाळाच्या अभ्यासात निदान एक निरीक्षक जमिनीवर आणि एक कळपावर असावा.

याच जातीचा, पण अधिक छुपा दोष मोजणीत शिरतो. उघड्या जमिनीवरचा काळा नर मैलभरावरून दिसतो. कपाशीच्या आडचे कोवळे, बदामी नर आणि जमीन न मिळालेल्या नरांचे वेगळे कळप दिसत नाहीत. जेथे नर दिसतो तेथे बसावयाचे ठरविले, की सर्वांत यशस्वी नरांचीच गणती होते आणि शिवारात माजावरचे नर किती, त्यांपैकी किती जणांस समागम मिळतो, ही प्रमाणे फुगतात. यावर उपाय साधा व कंटाळवाणा आहे. गावनकाशावरून गायरान, पड, तळ्याकाठ, कोरडवाहू रान अशा सर्व प्रकारच्या जागांची यादी करावी, चिठ्ठ्या टाकून बैठकी ठरवाव्यात, आणि जेथे काहीच दिसले नाही अशा बैठकीचे तासही वहीत तितक्याच काटेकोरपणे लिहावेत. रिकाम्या बैठकीचे पान फाडून टाकणारा विद्यार्थी आपल्या प्रबंधाचा अर्धा आधार फाडून टाकतो.

येथे गुजरातेतील वेळावदरचा उल्लेख करणे भाग आहे. त्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशात अनेक नर अगदी लहान लहान जमिनी धरून एकमेकांशेजारी गर्दी करतात आणि माद्या तेथे केवळ नर निवडण्यास येतात. या व्यवस्थेस परदेशी ग्रंथांत ‘लेक’ म्हणतात. मराठीत लेक म्हणजे मुलगी, त्यामुळे तो शब्द आपल्या लेखनात घोटाळा करतो. निवड मादी करीत असल्याने ‘स्वयंवर-रिंगण’ म्हणावे असे सुचवावेसे वाटते. कविता ईश्वरन व यादवेंद्रदेव झाला यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रिंगणातील जमिनीच्या स्थानानुसार नरास पडणारी किंमत आणि मिळणाऱ्या माद्या यांचा संबंध तपासला आहे. आणि असे रिंगण भरेल की नाही हे माद्यांच्या एकत्र येण्यावरून सर्वांत चांगले सांगता येते, असे ईश्वरन यांनी २००५ मध्ये दाखविले. जालन्यासाठी याचा अर्थ असा, की जेथे शेतीमुळे कळप लहान व विखुरलेले आहेत तेथे वेळावदरसारखे रिंगण शोधत बसणे व्यर्थ. विखुरलेल्या, मोठ्या जमिनी हीच येथील स्वाभाविक अपेक्षा धरून आरंभ करावा. पुढेमागे कोठे रिंगण आढळलेच, तर त्याचा अर्थ तेथे माद्या मोठ्या संख्येने एकत्र येतात असा होईल, आणि ती बातमी स्वतंत्र अभ्यासाच्या योग्यतेची ठरेल.

बैठकीपेक्षा बैठकीपर्यंतची वाट कधी कधी अधिक हानी करते. काळविटाचा गर्भकाल पाच-सहा महिन्यांचा. त्यामुळे एका हंगामातील माजाची पाडसे दुसऱ्या हंगामाच्या सुमारास जन्मतात. ज्या गवतात नर झुंजत असतात त्याच गवतात नवजात पाडसे पहिले काही दिवस निपचित पडून असतात. अभ्यासक पहाटे त्यातून चालत गेला, आणि गावातली दोन कुत्री त्याच्या मागे आली, तर त्या दिवसाची किंमत पाडसाने मोजली असे समजावे. म्हणून वाट नेहमी गाडीरस्त्याने किंवा बांधाने काढावी, कुत्री मागे आल्यास परतावे, आणि सलग दिवस एकाच बैठकीवर जाऊ नये. वारंवारच्या उपद्रवाने नराने जमीन सोडली, तर भरलेल्या शिवारात त्यास दुसरी मिळेलच असे नाही.

शेतकऱ्याचा विचार केल्यावाचून ही चर्चा पुरी होत नाही. ज्या रात्री आपण पहाटेच्या बैठकीची तयारी करतो, त्या रात्री तो हरभऱ्यात जागलीला असतो. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने पिकाच्या नुकसानीवरून त्यास मारण्याची मुभा नाही. शासनाकडून भरपाई मिळू शकते, परंतु पंचनाम्याचा खटाटोप त्यालाच करावा लागतो. त्याच्या बांधावर बसावयाचे तर आपण का बसलो आहोत हे त्यास आधी सांगावे, आणि आपल्या नोंदींतील पिकात शिरण्याच्या वेळा त्यास द्याव्यात. जागलीची पाळी ठरविण्यास त्यांचा उपयोग होतो. कोणत्या नराची जमीन कोठे आहे हे त्यालाच बहुधा आपल्याआधी ठाऊक असते.

राहिला प्रश्न प्रसिद्धीचा. ढिगांचा नकाशा, नर जमिनीवर असण्याच्या वेळा आणि बैठकीचे नेमके ठिकाण, ही तीन माहिती एकत्र छापली म्हणजे चोरट्या शिकाऱ्यास हवे ते सर्व आयते हाती दिल्यासारखे होते. माजावरचा नर आपली जमीन सहसा सोडत नाही, हीच त्याची दुर्बल बाजू. म्हणून गावाचे नाव व गट क्रमांक विभागातील मूळ वहीत ठेवावेत, आणि छापील प्रबंधात फक्त तालुका व जमिनीचा प्रकार द्यावा.